वर सरकलेली हद्द, तुटलेली वस्ती: योसेमिटीच्या आल्पाइन चिपमंकचं प्रकरण

डोंगरावर राहणारा प्राणी उष्णता वाढली की वर सरकतो, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. वर सरकताना त्याच्या जनुकांचं काय होतं, हा प्रश्न मात्र बराच काळ अंदाजावरच चालला होता. आजच्या प्राण्यांचे नमुने तपासून आज वैविध्य किती आहे ते कळतं. ते कमी झालंय का, हे कळायला कालचे नमुने लागतात. जंगली उंदीर-खारींचे शंभर वर्षांपूर्वीचे नमुने, तेही नेमक्या उंचीची नोंद असलेले, फार थोड्या ठिकाणी आहेत. कॅलिफोर्नियातलं योसेमिटी राष्ट्रीय उद्यान हे त्यांतलं एक, आणि तिथल्या दोन चिपमंकांची ही गोष्ट.

चिपमंक म्हणजे पाठीवर पट्टे असलेली छोटी खार. गालांच्या पिशव्यांत बिया भरून बिळात नेते आणि हिवाळा बर्फाखाली, अधूनमधून उठून खात, झोपेत काढते. सिएरा नेवाडा पर्वतरांगेत तिच्या अनेक जाती आहेत आणि त्यांनी उंची जणू वाटून घेतली आहे. पश्चिमेच्या पायथ्याशी गवत आणि ओक, त्यावर पॉन्डेरोसा पाइन आणि मिश्र सूचिपर्णी जंगल, साधारण 2,000 मीटरच्या वर रेड फर, मग लॉजपोल पाइन, आणि 3,000 मीटरच्या आसपास झाडं खुरटत जाऊन पुढे नुसते खडक, दगडांचे ढीग आणि गवताची छोटी कुरणं. लॉजपोल चिपमंक (टॅमिअस स्पेसिओसस) फर आणि लॉजपोलच्या जंगलात राहतो. आल्पाइन चिपमंक (टॅमिअस अल्पायनस) त्याहून लहान. त्याचं घर जंगल विरळ होतं तिथून वर, दगडांच्या सांदीत. तो सिएरा नेवाडा सोडून जगात कुठेही नाही. त्याच्यापाशी वर जायला जागा थोडी आहे आणि बाजूला जायला जवळजवळ नाहीच.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1908 मध्ये ॲनी अलेक्झांडर या धनिक आणि हौशी संग्राहक बाईंच्या पैशातून पृष्ठवंशीय प्राण्यांचं संग्रहालय उभं राहिलं. जोसेफ ग्रिनेल त्याचे पहिले संचालक. 1910 मध्येच त्यांनी लिहून ठेवलं होतं की आपल्या संग्रहाची खरी किंमत कळायला बरीच वर्षं, कदाचित शंभर वर्षंही, जावी लागतील. असं बोलणारे पुष्कळ असतात. त्यानुसार रोज संध्याकाळी तंबूत बसून वही भरणारे कमी. ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1914 ते 1920 या काळात योसेमिटीचा एक आडवा छेद पिंजून काढला: पश्चिमेच्या सखल भागापासून पर्वताचा माथा ओलांडून पूर्वेच्या मोनो सरोवरापर्यंत. चार हजारांवर नमुने जमले, वह्यांची पानं हजारोंनी भरली.

या नमुन्यांतलं एक कातडं कसं असतं ते बघण्यासारखं आहे. आत कापूस भरून पोट खाली, पाय सरळ ताणून सुकवलेली खार. मागच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. तिच्यावर न पुसणाऱ्या काळ्या शाईत पकडणाऱ्याची आद्याक्षरं आणि त्याचा स्वतःचा क्रमांक, तारीख, ठिकाण, फुटांत उंची, नर की मादी, आणि मापं: एकूण लांबी, शेपूट, मागचं पाऊल, कान, वजन. वहीत त्याच दिवसाखाली किती सापळे लावले, कसल्या झाडीत लावले, कोणते रिकामे राहिले, हेही असतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा आकडा रिकाम्या सापळ्यांचा आहे. ‘या उंचीला हा प्राणी सापडला नाही’ या वाक्याचं वजन किती शोधलं त्यावर ठरतं, आणि ग्रिनेलच्या लोकांनी ते लिहून ठेवलं होतं.

2003 पासून याच संग्रहालयातल्या क्रेग मॉरित्झ, जेम्स पॅटन आणि सहकाऱ्यांनी त्याच जागा पुन्हा तपासायला घेतल्या. पद्धत बदलली होती. तेव्हा मारणारे सापळे आणि बंदूक असायची, आता जिवंत पकडणारे पेटीसारखे सापळे. म्हणून दोन्ही काळांतली ‘प्राणी असूनही न सापडण्याची’ शक्यता आकडेमोडीत धरावी लागली. 2008 मध्ये निष्कर्ष आले: किमान तापमान शतकात सुमारे 3 अंश सेल्सिअसने वाढलेलं, आणि अभ्यासलेल्या 28 छोट्या सस्तन प्राण्यांपैकी निम्म्यांच्या हद्दी सरासरी 500 मीटरच्या आसपास वर गेलेल्या. आल्पाइन चिपमंकची खालची हद्द 500 मीटरपेक्षा जास्त वर सरकली होती. लॉजपोल चिपमंक होता तिथेच होता.

इथे दोन गोष्टी जुळून आल्या. योसेमिटीला 1890 पासून संरक्षण आहे, त्यामुळे ‘जंगल तोडलं, शेती आली’ हे उत्तर वरच्या पट्ट्यात लागू पडत नाही. आणि एकाच डोंगरावर, एकाच शतकात, एकाच पद्धतीने पकडलेल्या दोन जवळच्या जाती: एक हललेली, एक न हललेली. निसर्गात इतकी नेटकी तुलना क्वचित हाताला लागते. एमिली रुबिज यांनी नेमकी तीच धरली आणि जुन्या-नव्या नमुन्यांतून दोन्ही जातींचं जनुकीय चित्र मांडलं. ते काम 2012 मध्ये प्रसिद्ध झालं.

काय अपेक्षित होतं? डोंगर वर निमुळता होतो, म्हणून वर सरकलेल्या जातीला क्षेत्र कमी मिळतं. पण योसेमिटीचा माथा काही एकच सुळका नाही. शिखरं अनेक आहेत आणि मध्ये हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या. जेव्हा खालची हद्द दरीच्या तळाइतकी खाली होती, तेव्हा खारी एका शिखरावरून दुसऱ्याकडे दरीतूनच जाऊ शकत. हद्द तळाच्या वर गेली की प्रत्येक शिखर म्हणजे वेगळं बेट. संख्या फारशी घटली नाही तरी जा-ये थांबते.

याचा जनुकांवरचा परिणाम साध्या गणितातून दिसतो. छोट्या वस्तीत कुठलं अ‍ॅलील (जनुकाचं रूप) पुढच्या पिढीत जाईल हे बरंचसं नशिबावर असतं. याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. प्रजननात खऱ्या अर्थाने सहभागी असलेली संख्या N असेल तर दर पिढीला हेटेरोझायगोसिटीचा, म्हणजे एकाच प्राण्यात दोन वेगळी अ‍ॅलील असण्याच्या शक्यतेचा, 1/(2N) इतका भाग गळतो. चिपमंक वर्षाचा झाला की विणीला लागतो, तेव्हा शतकभरात ढोबळमानाने शंभर पिढ्या धरू. N 50 असेल तर शंभर पिढ्यांनी मूळच्या फक्त 37 टक्के उरतं. N 1,000 असेल तर 95 टक्के उरतं. म्हणजे वस्ती हजारांत असेल तर शंभर वर्षांत या मापावर जवळजवळ काहीच दिसणार नाही. दुर्मीळ अ‍ॅलील मात्र त्याआधीच गळू लागतात, कारण ती मोजक्याच प्राण्यांत असतात.

तुकडे पडण्याचं माप वेगळं. समजा दोन शिखरांवर एका अ‍ॅलीलचं प्रमाण आधी दोन्हीकडे 0.5 होतं. जा-ये थांबली आणि एकीकडे ते 0.8 झालं, दुसरीकडे 0.2. दोन्ही एकत्र मोजा: सरासरी अजूनही 0.5, एकूण वैविध्य (म्हणजे वरचीच हेटेरोझायगोसिटी) 0.5, तसूभर कमी नाही. प्रत्येक शिखरावर वेगळं मोजा: 0.32. हा फरक एकूणाशी ताडून पाहिला की 0.36 येतो, लोकसंख्या-जनुकशास्त्रात याला एफएसटी म्हणतात आणि 0.36 हे खूप झालं. हा हिशोब ध्यानात ठेवा, कारण पुढे या प्रकरणातली सगळी गंमत त्यावरच आहे.

रुबिज यांच्या अभ्यासात मायक्रोसॅटेलाइट वापरले होते. डीएनएत ठरावीक छोटी अक्षररचना पुन्हा पुन्हा येते, आणि किती वेळा येते ते प्राण्यागणिक बदलतं. बदल भरपूर असल्याने अलीकडच्या घडामोडी टिपायला हे चांगलं साधन. निकाल असा: आल्पाइन चिपमंकमध्ये एकूण वैविध्य घटलेलं आणि वस्त्यांमधला जनुकीय दुरावा वाढलेला. लॉजपोल चिपमंकमध्ये शतकभरात लक्षणीय बदल नाही.

या निकालावर पहिली शंका येते ती जुन्या कातड्यांवर. शंभर वर्षांत डीएनएचे तुकडे तुकडे होतात. मायक्रोसॅटेलाइट वाचताना अशा नमुन्यात दोनपैकी एक अ‍ॅलील हुकतं आणि दोन वेगळी अ‍ॅलील असलेला प्राणी एकच असल्यासारखा दिसतो. पण ही चूक जुन्या काळाचं वैविध्य आहे त्यापेक्षा कमी दाखवते. तरीही जुनं वैविध्य जास्त निघालं असेल, तर घट खरी असण्याचीच शक्यता वाढते. कातड्याच्या खराबीने इथे निष्कर्षाला धक्का लावण्याऐवजी त्याच्या बाजूने साक्ष दिली.

2013 मध्ये के बी आणि सहकाऱ्यांनी तीच जुनी कातडी घेऊन मोठी झेप घेतली. सुमारे 11,000 एक्झॉन, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचे भाग, निवडून त्यांचं वाचन केलं. इथे जुन्या डीएनएची चूक उलट दिशेने जाते. मेल्यानंतर डीएनएतलं सायटोसिन हे अक्षर रासायनिक बदलाने असं होतं की वाचताना ते थायमिन वाटतं. म्हणजे नसलेले फरक दिसू लागतात आणि जुना काळ आहे त्यापेक्षा वैविध्यपूर्ण भासतो. कुणी हे गाळलं नाही तर ‘शतकात वैविध्य कोसळलं’ असा खळबळजनक आणि खोटा निष्कर्ष हाताशी तयार असतो. या चमूने ते फरक कठोरपणे चाळून काढले. मग निघालं असं: वस्त्यांचं विभाजन वाढलं आहे, हे पक्कं, पण एकूण जनुकीय वैविध्यात बदल नाही. प्रथिन बदलणाऱ्या जागांवरही नाही आणि न बदलणाऱ्या जागांवरही नाही.

मग 2012 चा निकाल चुकला का? मला तसं वाटत नाही. ही दोन मापं दोन वेगळ्या गोष्टी दाखवतात. मायक्रोसॅटेलाइटमध्ये एकेका जागी कितीतरी अ‍ॅलील असतात, त्यातली दुर्मीळ गळाली की घट लगेच दिसते. एक्झॉनमध्ये एका जागी सहसा दोनच पर्याय, त्यामुळे सरासरी वैविध्याला हलायला वेळ लागतो. शिवाय वरचा हिशोब पाहा: तुकडे पडूनही एकूण बेरीज तशीच राहू शकते. म्हणून या प्रकरणाचा ठाम निष्कर्ष ‘वस्ती तुटली’ हा आहे. ‘जनुकं संपत चालली’ हा नाही. बातम्यांमध्ये नेहमी दुसराच पुढे येतो, कारण तो ऐकायला सोपा आहे. पण तुटलेल्या वस्तीत प्रत्येक तुकडा स्वतःच्या छोट्या N ने चालतो, आणि त्याचा हिशोब वर 37 टक्क्यांत दिला आहे. एकूण बेरीज शाबूत दिसत असतानाच एकेक शिखर आतून रिकामं होऊ शकतं.

2019 मध्ये त्याच गटाचा आणखी मोठा अभ्यास आला: 1911 ते 2012 या काळातले 294 नमुने, त्यांतले 160 जुने आणि 134 नवे, दोन्ही जातींचे. विभाजन पुन्हा फक्त आल्पाइनमध्येच आढळलं. आता ‘तिसऱ्यांदा’ म्हणता येईल असा हा निकाल, आणि म्हणूनच मी त्याला सर्वांत भक्कम मानतो. नवं होतं ते अ‍ॅलॉक्स15 हे जनुक. योसेमिटीतल्या आल्पाइन चिपमंकमध्ये या जनुकाच्या अ‍ॅलीलचं प्रमाण नुसत्या ड्रिफ्टने होईल त्याहून जास्त बदललेलं दिसलं, म्हणजे नैसर्गिक निवड झाल्याची खूण. शरीरातला दाह नियंत्रित करण्यात आणि प्राणवायू कमी पडल्यावरच्या प्रतिक्रियेत या जनुकाचा भाग असतो.

वर गेले, हवा विरळ, म्हणून प्राणवायूचं जनुक बदललं, ही मांडणी इतकी सुबक आहे की तिथेच जरा थांबावंसं वाटतं. आल्पाइन चिपमंक 3,000 मीटरच्या वर पूर्वीपासूनच राहत होता. विरळ हवा त्याला नवी नाही. नाहीशा झाल्या त्या खालच्या उंचीवरच्या खारी. तेव्हा बदललेलं प्रमाण हे अनुकूलनाचं लक्षण असेल किंवा दाहाशी, एखाद्या रोगाशी संबंधित वेगळंच काही असेल. अ‍ॅलीलच्या आकड्यांवरून खारीच्या शरीरात काय घडतं ते सांगता येत नाही. आणि अभ्यासकांनी स्वतःच एक अवघड गोष्ट न लपवता मांडली: आल्पाइन चिपमंकची हद्द जिथे अशीच फार आकसली आहे अशा दुसऱ्या एका भागात त्यांनी हेच तपासलं, आणि तिथे ना तसं विभाजन सापडलं, ना अ‍ॅलॉक्स15 मधला बदल. जात एक, आकसणं दोन्हीकडे, जनुकीय परिणाम वेगळा. ‘हवामान बदलाचा जनुकांवर परिणाम’ असं एका वाक्यात लिहिणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

लॉजपोल चिपमंकची तुलनाही जितकी नेटकी दिसते तितकी नाही. तो जंगलाच्या मधल्या पट्ट्यात राहतो, तिथे क्षेत्र मोठं आणि सलग आहे, शिवाय त्याचा उंचीचा पल्ला आधीच रुंद. तो न हलण्याचं कारण ‘त्याला उष्णता चालते’ हे असेल, किंवा सावली आणि दाट झाडीमुळे त्याला ती जाणवलीच कमी असेल. लॉजपोल चिपमंकने वर येऊन आल्पाइनला हुसकावलं, ही शंका मात्र फार टिकत नाही, कारण तो वर आलेलाच नाही. हवामान, झाडी आणि शेजारच्या जातींची उपस्थिती या तिन्हींचा वेगवेगळा हिशोब करणाऱ्या अभ्यासात आल्पाइनच्या बाबतीत हवामानाचं पारडं जड ठरलं. दोन्ही जातींच्या लेंडीतले ताणाशी निगडित घटक मोजणाऱ्या वेगळ्या कामात आल्पाइन चिपमंक बाहेरच्या त्रासाला जास्त प्रतिसाद देतो असंही दिसलं. एकूण प्रकृतीच हळवी असावी.

हे सगळं वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला एक साल नजरेत भरतं: 1911. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी त्याच वर्षी सुरू केली, आणि तिचा पहिला अहवाल खानदेशचा आहे. सी. ए. क्रम्प यांनी प्राणी गोळा केले, निवृत्त वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी अहवाल लिहिला. पुढची दहा-बारा वर्षं पाहणी ब्रह्मदेश आणि सिलोनपर्यंत चालली. उंदीर, घुशी, खारी यांची कातडी आणि कवट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेल्या, काही मुंबईत राहिल्या. कापूस भरलेलं कातडं, पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख: पद्धत तीच.

पण योसेमिटीचा साचा उचलून सह्याद्रीवर ठेवता येणार नाही. कळसूबाई 1,646 मीटर. आल्पाइन चिपमंकची जुनी खालची हद्ददेखील त्याहून बरीच वर होती. आपल्याकडे बर्फाची रेषा नाही, आणि घाटाच्या दोन बाजूंना उंची सारखी असूनही पाऊस काही पटींनी वेगळा असतो, त्यामुळे ‘किती उंचीवर’ यापेक्षा ‘घाटाच्या कुठल्या अंगाला’ हा प्रश्न उंदरासाठी मोठा ठरू शकतो. योसेमिटीत वस्ती तुटली ती हद्द वर सरकल्याने. सह्याद्रीत जंगलाचे तुकडे पडले ते तोड, रस्ते, धरणं आणि शेतीने, आणि ते जवळजवळ आडवे पडले. इथे नमुने उंचीनुसार रांगेत घेण्याऐवजी जंगलाच्या एका तुकड्यातून आणि त्याला लागून असलेल्या, पण मध्ये मोकळं रान आलेल्या दुसऱ्या तुकड्यातून घ्यावे लागतील. एफएसटीचं गणित तेच राहील, दरीच्या जागी शेत येईल.

अशा कामाला बसणाऱ्याने डीएनएच्या किटची किंमत काढण्याआधी जुनी वही उघडावी आणि दोन गोष्टी शोधाव्यात: चिठ्ठीवरचं ठिकाण आजच्या नकाशावर किलोमीटरभराच्या अचूकतेने लावता येतं का, आणि त्या रात्री किती सापळे लावले होते. पहिली असेल तर जनुकीय तुलना करता येईल. दुसरी नसेल तर प्राणी तिथून गेला की तेव्हा कुणी नीट शोधलाच नव्हता, हे कातड्याच्या डीएनएतून कधीच निघणार नाही.